फुलचंदकाकांचा डावा डोळा

काका, मला स्वप्नं पडत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तपासणीच्या खुर्चीत बसून रात्रीची स्वप्नं सांगायला लागायचात आणि मी म्हणायचे, हनुवटी पुढे ठेवा, मला वेळ नाही. पण तुम्ही गेल्याला आज अकरा दिवस झाले, आणि या अकरा दिवसांत दुपारचा डबा खाऊन झाला की दवाखान्याच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसल्या-बसल्या माझा डोळा लागतो. मग तुम्ही दिसता. बोलत नाही, काही मागत नाही. दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसलेले, डोळे मिटलेले, एक बोट नाकाच्या बाजूला, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यावर दाबलेलं. ओठ हलतात. मागे कापडाची ठाणं रचलेली असतात, नुसती पांढरी, वरपर्यंत, आणि वर छत आहे की नाही ते कळत नाही. मी उंबऱ्यात उभी राहून तुमचं आटपण्याची वाट बघते. ते काही आटपत नाही. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी "सिस्टर" अशी हाक मारतं.

ते बोट मीच तुम्हाला शिकवलं. पण फार उशिरा शिकवलं, म्हणून तेच दिसत असावं.

तुम्ही पहिल्यांदा आलात ती शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. मंचरच्या पेठेतले कापड दुकानदार, लेंगा-सदरा, पायात रबरी चप्पल, चष्म्याचा नंबर काढायला आलेले. डॉक्टर मॅडमनी डोळ्याचा दाब बघितला, मागची नस बघितली आणि दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचं सांगितलं. समजावायचं काम माझं. मी नेहमीचं सांगितलं. डोळ्यात सारखं पाणी तयार होतं, ते वाहून जायला एक बारीक वाट असते, ती तुंबली की दाब वाढतो आणि नस सुकत जाते. दुखत नाही. कडेकडेनं दिसायचं कमी होत जातं आणि गेलेली नजर परत येत नाही.

"म्हणजे गेलेल्या गिऱ्हाइकासारखं," तुम्ही म्हणालात.

"त्याहून वाईट, शेठ. गिऱ्हाईक एखादं येतं परत."

तुम्ही हसलात. मी चिठ्ठीवर लिहिलं, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, सकाळी ८, रात्री ८. सगळ्यांना तसंच लिहायचे. तुम्हाला काही विचारलं नाही.

चार वर्षं तुमचा दाब हवा तसा उतरला नाही. मॅडमनी औषध बदलून पाहिलं. मी तुम्हाला बोलून पाहिलं. इतरांना जी बाटली महिनाभर जायची ती तुम्हाला दोन महिने पुरायची. बाटल्या मीच द्यायचे, त्यामुळे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ असा लावला की मारवाडी माणूस आहे, थेंबसुद्धा पुरवून-पुरवून घालत असेल. मॅडमना तसं हसत सांगितलंही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करावं लागलं. बुबुळाच्या वर, पांढऱ्या भागात एक बारीक खिडकी पाडतात, आतलं पाणी तिथून कातडीखाली झिरपत राहावं म्हणून. त्या जखमेची गंमत अशी की ती वरून भरावी लागते आणि आतून भरू द्यायची नसते. शरीराला हे समजत नाही. त्याला जखम म्हणजे बुजवायची, एवढंच कळतं. तुमचं शरीर तर कामाला फार चोख. वर्षाच्या आत त्याने ती खिडकी इतकी नीट बुजवली की मॅडमना भिंगातूनही तिची कड सापडेना. उजवा डोळा गेला.

त्यानंतरची एक थंडीतली संध्याकाळ. मी पेटीकोटचं कापड घ्यायला तुमच्या दुकानात आले होते. रस्त्यावर उजेड पिवळा पडत चालला होता. काकी आतून तांब्या-भांडं घेऊन आल्या, तुम्ही दोन भांडी पाणी प्यालात, भांडं पालथं घातलंत आणि हात जोडलेत. मी सहज म्हटलं, "शेठ, आठ वाजता थेंब विसरू नका."

"संध्याकाळचा मी घालत नाय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासनं."

मी हातातलं कापड खाली ठेवलं. तुम्ही अगदी शांतपणे सांगितलंत की थेंब घातला की थोड्या वेळाने घशात कडू लागतं, आणि सूर्य बुडाल्यावर तुमचा चौविहार असतो, अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. "डोळ्यातनं गेलं तरी घशात गेलंच की."

काकी दारात उभ्या होत्या. "मी म्हणत व्हते, सिस्टरला इचारा. तर हे म्हणायचे, दवाखान्यात आपल्या धर्माचं कशाला काढायचं, हसत्याल."

"शेठ, आठ कशाला, सूर्य बुडायच्या आत घातला असता तरी चाललं असतं. सकाळी सव्वासात, संध्याकाळी साडेपाच. दहा तासांचं अंतर पडलं तरी भागतं."

तुम्ही माझ्याकडे, म्हणजे उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे, बघत राहिलात. रागाने नाही. एखाद्याला आपल्याच घरात आणखी एक खोली सापडावी तसे.

"मग चार वर्षं आपण दोघांनी केलं काय?" तुम्ही म्हणालात.

त्या दिवसापासून मी तुम्हाला शेठ म्हणायचं सोडलं आणि काका म्हणायला लागले. ते प्रेमाने होतं असं तुम्हाला वाटलं असेल. प्रेम नंतर आलं. तेव्हा मला नुसती लाज वाटत होती, आणि माफी मागायला जमत नव्हतं, म्हणून काका म्हटलं.

मग ते बोट. थेंब घातला की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर दोन मिनिटं दाबून ठेवायचं, म्हणजे औषध घशात उतरत नाही. तुम्ही घड्याळ बघितलं नाहीत, नवकार मंत्र म्हणत मोजायला लागलात. गादीवर बोट दाबून बसलात की गिऱ्हाइकं आपोआप हळू आवाजात बोलायची. आमच्या गावची, राजुरीची एक म्हातारी मला विचारत होती, "शेठ कुठला योग करत्यात गं?" डावा डोळा त्या बोटाने पाच-सहा वर्षं सांभाळला.

पुढे त्याचाही दाब चढला. दोन थेंब झाले, तीन झाले, पुरेनात. मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन टाळता येणार नाही आणि हा डोळाही उजव्यासारखाच स्वतःला बुजवून घेईल. त्याच सुमारास एक नवी गोष्ट आली होती. कंपनीच्या माणसाने आणलेल्या डबीत कापसावर ठेवलेला पांढरा, गोल, टिकलीएवढा स्पंज. पाणी लागलं की मऊ पडायचा. खिडकीवर तो ठेवायचा आणि वरची पातळ त्वचा शिवून टाकायची. जखम भरताना त्याच्या बारीक-बारीक भोकांतून भरते, घट्ट पापुद्रा धरत नाही, आणि पाण्याची वाट मोकळी राहते. काही महिन्यांत स्पंज विरघळून जातो. काढायचं काही उरत नाही.

मी तुम्हाला माझ्या वडिलांच्या रानातलं सांगितलं. आमचं एक वावर चिबड होतं, पाणी धरून बसायचं. वडील चर खणायचे, पण नुसता चर पावसाळ्यात ढासळून बुजायचा. म्हणून ते त्यात तुरीच्या काड्यांच्या पेंढ्या घालून वर माती ओढायचे. पेंढ्या पुढे कुजून जायच्या, पण तोवर पाण्याने आपली वाट धरलेली असायची.

"म्हणजे तुराट्या घालणार म्हण की माझ्या डोळ्यात."

"तशाच."

"घाला मग."

श्रावणातली ढगाळ दुपार होती. मॅडम ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. तुम्ही चष्मा पुसलात, पेन घेतलंत, फॉर्म डोळ्याजवळ धरलात आणि विचारलंत, "कुठं करू सही?" फॉर्म इंग्रजीत होता. त्यात त्या स्पंजाचं नाव होतं, तो कशाचा केलेला आहे तेही होतं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तुम्ही मला काही विचारलं नव्हतंत. विश्वास असला की माणूस विचारत नाही. मी बोट ठेवायचं आणि तुम्ही सही करायची, एवढंच बाकी होतं.

"थांबा काका."

"काय झालं?"

"तो स्पंज जनावराचा आहे. डुकराच्या कातडीतून काढतात. धुऊन, शुद्ध करून, नुसतं प्रथिन उरतं. पण आहे त्याचाच."

'डुक्कर' म्हणताना मी जरा अडखळले. तुम्ही अडखळला नाहीत. "गाय काय न् डुक्कर काय. मारूनच काढत असतील ना?"

"हो."

तुम्ही पेनला टोपण लावलंत.

बाहेरच्या बाकावर आपण किती वेळ बसलो कोण जाणे. मला त्या दुपारचा उजेड आठवतो, सावली नसलेला, सगळीकडे सारखा पसरलेला. त्या उजेडात आपली भांडणं दुसऱ्याच कोणाची तरी असावीत तशी आठवतात.

"औषध आहे काका ते. खाणं नाही."

"विरघळतं म्हणालीस. विरघळून जातं कुठं?"

"शरीरात. काही महिन्यांनी मागमूस राहत नाही."

"शरीरात म्हणजे माझ्यात. म्हणजे ते मी होणार." तुम्ही बोटांनी सदऱ्याची शिवण चाचपत होतात. "प्लास्टिकचा तुकडा घातला असता तर तो माझ्यात राह्यला असता, पण मी झाला नसता. हे मी व्हायलाच येतंय. मग खाल्लं काय आन् शिवलं काय, शालन?"

मी भांडणावर आले. "एवढं आहे तर दुकानात किडे मारून काढलेलं रेशीम कसं चालतं तुम्हाला?"

"दुकानात रेशीम दाखव."

मी आठवायला लागले. सुती, टेरिकॉट, वायल, खण, शाळेचे खाकी. दहा वर्षं मी त्या दुकानात जात होते. रेशीम नव्हतं. गावात खपत नसेल म्हणून नसेल, असं मी धरून चालले होते. कॅप्सूलचं वेष्टन जनावराचं असतं म्हणून तुम्ही ती फोडून आतली पूड पाण्यातून घेता हेही मला ठाऊक होतं आणि मी त्याला हट्टीपणा म्हणत होते.

"तुमच्या जैन स्थानकात साध्वी महासतीजी चातुर्मासाला आल्यात. त्यांना विचारा. दुखण्यात त्या नक्की मोकळीक देतील."

"देत्याल. माझ्याकडं बघून देत्याल. मग त्याचं वझं त्यांच्यावर. तेवढ्यासाठी इचारायचं नाय."

"मंग बसा आंधळं व्हऊन."

तुम्ही हसलात. "रागावलीस की राजुरी बाहेर पडती बघ तुझी."

मी खरंच रागावले होते. मॅडमनी तुम्हाला आत बोलावून नीट सांगितलं की स्पंजाशिवायही ऑपरेशन होईल, जखम भरू न देणारं एक औषध लावून. पण ते औषध जपून वापरावं लागतं. कातडी फार पातळ पडली तर आत जंतू शिरायची भीती, आणि तुमच्याकडे राखीव डोळा नाही. तुम्ही म्हणालात, ते औषध कशापासून करतात? मॅडमनी पुस्तक काढून बघितलं आणि सांगितलं, मातीतल्या जंतूपासून. तुम्ही म्हणालात, "तेवढं माझं मी भोगीन." कुठली रेघ कुठे ओढायची हे तुम्हाला कसं कळायचं, मला कधी समजलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. दोन हिवाळे डावा डोळा स्वच्छ राहिला. त्यातल्या एका हिवाळ्यात माझ्या भाचीच्या लग्नाचं कापड घेऊन आपण जीपने राजुरीला निघालो, तुम्ही, काकी आणि मी. नारायणगाव सोडून खोडदच्या वाटेला लागलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. शेतांवर धुकं होतं आणि धुक्यातून रेडिओ दुर्बिणीच्या त्या आकाश ऐकणाऱ्या मोठ्या तबकड्या वर आल्या होत्या. कांद्याचे वाफे, विहीर, एक बैल, आणि मागे ती पांढरी जाळीची तबकडी, जणू कोणीतरी रात्रीत आणून ठेवलेली. तुम्ही जीप थांबवायला लावलीत आणि खाली उतरलात. हळूहळू मान वळवत राहिलात.

"एक दिसतीय," तुम्ही म्हणालात. मग मान आणखी वळवलीत. "आता बैल." मग, "आता तू."

"बाकीचं?"

"बाकीचं नाय. जग आता एकेक येतंय माझ्याकडं. पहिलं सगळं एकदम यायचं, त्यात काय बघितलंच नव्हतं बघ."

तेवढ्यात तबकडी हलली. आवाज न करता, इतकी सावकाश की आधी वाटलं धुकंच सरकतंय. तुम्ही ती पूर्ण वळेपर्यंत उभे राहिलात. काकी जीपमधून म्हणाल्या, "लग्न आज हाय, उद्या नाय." तरी तुम्ही हलला नाहीत. मला उशीर झालेला खपत नाही, पण त्या दिवशी मी घड्याळ बघितलं नाही. मी इतकी वर्षं लोकांची नजर तपासते आहे. बघणं म्हणजे काय ते त्या सकाळी पाहिलं.

तिसऱ्या हिवाळ्यात डोळ्यातली ती खिडकी बुजायला लागली. औषधाने ते लांबवलं होतं, थांबवलं नव्हतं. मॅडमनी सुईने मोकळी करून पाहिली, पुन्हा बुजली. यंदाच्या दिवाळीपर्यंत तुम्हाला दार आणि खिडकी यांतला फरक कळत होता, तेवढाच. दुकान काकी बघायच्या. तुम्ही गादीवर बसून ठाणाच्या काठावर अंगठा फिरवायचात आणि हे वायल, हे टेरिकॉट, असं सांगायचात. कधी चुकत नव्हतात.

आपलं शेवटचं बोलणं तिथेच झालं. काकी आत होत्या.

"त्या दिवशी तू थांब म्हणाली नसतीस तर सही झाली असती माझी."

"हो."

"आज दिसत असतं मला."

"दिसत असतं कदाचित. सांगता येत नाही."

"परत तशी येळ आली तर थांबवशील?"

"थांबवीन," मी म्हटलं. ते खरं होतं. रात्री आठ लिहून मी तुमचा एक डोळा घालवला होता, दुसऱ्याच्या वेळी न सांगता बोट ठेवणं मला शक्यच नव्हतं. माझा राग तुमच्यावर नव्हता काका, त्या चिठ्ठीवर होता. हे तेव्हा सांगायचं राहिलं.

तुम्ही मान हलवलीत. "दवाखान्यात सगळं सांगणारी तू एकटीच भेटलीस. सगळं सांगितलंस ना?"

"हो काका."

हे मात्र खरं नव्हतं.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात येण्याआधी चौकातल्या एका सर्जनकडे थिएटरला होते. तुमचं हर्नियाचं ऑपरेशन तिथे झालं. तुम्ही मला पाहिलेलं नाही. तुम्हाला भूल होती, माझ्या तोंडाला फडकं होतं, आणि मला तरी ते तुम्हीच होतात हे पुढे डोळ्यांच्या केसपेपरवर त्या ऑपरेशनची नोंद बघूनच कळलं. त्या काळी आतले टाके ज्या दोऱ्याने घालायचे तो मेंढीच्या आतड्याचा असायचा. तोही विरघळणाराच. स्पिरिटच्या पुडीतून काढून, सुईत ओवून तो मी सर्जनच्या हातात दिला होता.

बाकावर बसून तुम्ही "ते मी होणार" म्हणालात तेव्हा हे माझ्या जिभेवर आलं होतं. भांडण जिंकायला एवढं एक वाक्य पुरे होतं. काका, मेंढीचं आतडं तुमच्यात विरून आधीच तुम्ही झालेलं आहे, आता कशासाठी अडता? कदाचित तुम्ही सही केली असतीत आणि डोळा राहिला असता. किंवा सही केली नसतीत आणि पुढची सगळी वर्षं स्वतःच्या पोटावर हात ठेवताना परक्या घरात शिरल्यासारखं वाटलं असतं. जे अजून व्हायचं होतं ते तुमच्या हातात होतं, म्हणून मी सांगितलं. जे होऊन गेलं होतं ते सांगून तुमच्या हातात काय आलं असतं? आणि तरी, तो डोळा. मी सहसा चटकन ठरवते. हे मला तीन वर्षांत ठरवता आलेलं नाही.

काल संध्याकाळी मी तुमच्याकडे गेले होते. काकींनी सूर्य बुडायच्या आधी मला बळंच जेवायला बसवलं. समोर बसून ताटात वाढता-वाढता म्हणाल्या, "ह्यांना पेठेत कमी लोकांनी फसवलं नाय, शालन. पण तू कधी फसवलं नाय. ते म्हणायचे तसं."

माझ्या तोंडात घास होता. मी मान हलवली.

त्या दोऱ्याचं तुम्हाला सांगून झालं. काकींना सांगणार नाही.